आठ कलांचा प्रश्न

धर्माची बेडी तुटली आणि विज्ञानाला आकाश स्वच्छ दिसू लागले, ही कथा पाठ्यपुस्तकांनी इतकी घोटून घेतली आहे की योहान्नेस केप्लरच्या ग्रंथांशी येताच वाचक अडखळतो. १५९६ च्या 'मिस्टेरियम कॉस्मोग्राफिकम'मध्ये गोल ही त्याला ईश्वराची प्रतिमा वाटते : केंद्र म्हणजे पिता, पृष्ठ म्हणजे पुत्र, मधला अवकाश म्हणजे पवित्र आत्मा. ग्रह सहाच का, तर त्यांच्या गोलांमध्ये पाच नियमित घनाकृती बसतात म्हणून. याला रूपक म्हणून समीक्षकाची सुटका होत नाही. केप्लरच्या लेखी ते विश्वरचनेविषयीचे विधान होते.

म्हणूनच मंगळाचा प्रसंग नैतिक ठरतो. मंगळासाठी त्याने वर्तुळावर उभारलेली मांडणी टायको ब्राहेच्या नोंदींपासून आठ कलांनी ढळली. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. आठ कला म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीचा सुमारे पाव हिस्सा. टॉलेमीच्या निरीक्षणांत दहा कलांची चूक क्षम्य होती, तेव्हा एवढ्यावर पडदा टाकला असता तर कोणी बोट ठेवले नसते. केप्लरने मात्र ब्राहेसारखा दक्ष निरीक्षक लाभणे ही ईश्वरी कृपा मानली आणि तिचे कृतज्ञतेने चीज करणे हे कर्तव्य. १६०९ च्या 'आस्ट्रोनोमिया नोव्हा'त वर्तुळ जाऊन लंबवर्तुळ आले. ज्या वक्रतेत त्याला ईश्वर दिसत होता, तिचेच परिपूर्ण रूप त्याने ईश्वरनिष्ठेपोटी सोडले.

श्रद्धेचा गौरव करून येथेच थांबणे सोयीचे आहे, पण घनाकृती आडव्या येतात. त्याही नोंदींशी नेमक्या जुळत नव्हत्या. त्या मात्र त्याने सोडल्या नाहीत. १६१९ च्या 'हार्मोनिकेस मुंडी'त त्यांची उणीव त्याने ग्रहगतींच्या स्वरमेळाने भरून काढली, आणि १६२१ साली तरुणपणीचा ग्रंथ टिपांसह पुन्हा छापला. कक्षेच्या बाबतीत आठ कला असह्य झालेला माणूस येथे सैल झाला असे म्हणावे, तर याच स्वरमेळाच्या शोधात त्याला ग्रहगतीचा तिसरा नियम गवसला. प्रामाणिकपणा आणि हट्ट यांची सरहद्द त्याच्या पानांवर आखता येत नाही.

ती धर्मपीठापुढेही आखता येत नाही. ख्रिस्ताच्या देहाच्या सर्वव्यापित्वाचे कलम न पटल्याने त्याने ल्यूथरपंथी मतसंहितेवर विनाअट सही करणे नाकारले, आणि १६१२ मध्ये लिंत्स येथे स्वतःच्याच पंथाच्या प्रभुभोजनातून तो वगळला गेला. एका सहीने हे टळले असते. पंथ मात्र त्याने अखेरपर्यंत बदलला नाही. कॅथलिक सम्राटांच्या चाकरीत राहूनही नाही.