नाण्याचा भाव व राष्ट्राचा मान

दोन राष्ट्रांच्या चलनांचा परस्परांशी जो भाव असतो, त्यास सामान्य मनुष्य राष्ट्राच्या अब्रूचे माप समजतो. आपला रुपया शेजाऱ्याच्या रुपयाहून महाग असला की त्यास धन्यता वाटते. तो घसरला की घराण्यास बट्टा लागल्यासारखी त्याची मान खाली जाते. ‘बट्टा’ हा शब्दही मुळात सराफाच्या पेढीवरचा. हिणकस अथवा परक्या नाण्यावर जी तूट कापून घेतली जाई, तिचे ते नाव. व्यवहारातील तूट आणि नावावरचा डाग या दोहोंस आपल्या भाषेने एकच शब्द द्यावा, यावरून ही समजूत किती खोल रुजली आहे हे दिसून येते. नीतीच्या दृष्टीने ती टिकण्यासारखी आहे काय, याचा विचार आम्ही येथे योजिला आहे.

या विचारास जुन्नरपासून आरंभ करणे सोयीचे आहे. कोकणातील बंदरांचा माल नाणेघाट चढून याच नगराकडे येत असे. घाटातील नागनिकेच्या लेखात यज्ञांची दक्षिणा कार्षापणांत मोजलेली आहे. जुन्नरच्या लेण्यांत इरिल व चिट या यवनांची दाने नोंदलेली आहेत. आणि मानमोडीच्या डोंगरावर क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. सातवाहन, क्षत्रप आणि यवन अशा तिघांच्याही खुणा जेथे सापडतात, तेथे एका नाण्याचे दुसऱ्याशी नाते काय, हा प्रश्न नित्याचाच असला पाहिजे.

त्याचे उत्तर नाशिकच्या लेण्यात सापडते. नहपानाचा जावई उषवदात याने तेथे आपल्या दानाची नोंद कोरविली आहे: ७०,००० कार्षापण, आणि ३५ कार्षापणांस एक सुवर्ण या भावाने २,००० सुवर्ण. दात्यास केवळ मोठेपणा मिरवावयाचा असता, तर सत्तर हजारांचा आकडा पुरेसा होता. त्याने दोन्ही आकडे दिले आणि त्यांस जोडणारा भावही दगडात उघड सांगितला. घेणारास आपणांस काय मिळाले हे कोणत्याही नाण्यात मोजता यावे, असाच याचा अर्थ आम्ही करतो.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. सन १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपली चिन्हे पुन्हा उमटविली आहेत. शत्रूचा मुखवटा त्याने झाकला, परंतु नाणे चालू ठेवले. शत्रू हरला म्हणून रयतेच्या गाठीची चांदी खोटी ठरत नाही, एवढा विवेक त्या विजेत्यास होता.

याच नाशिकात दोन हजार वर्षांनी इतिहासाने हाच प्रसंग पुन्हा घडविला. फाळणीनंतर पाकिस्तानपाशी स्वतःच्या नोटा नव्हत्या. तेव्हा नाशिकच्या मुद्रणालयात छापलेल्या भारतीय नोटांवरच त्या सरकारचे नाव उमटवून त्या तेथे चालविण्यात आल्या. १ जुलै १९४८ रोजी पाकिस्तानची मध्यवर्ती बँक स्थापन झाली. तरीही दोन रुपयांचा भाव समान होता. सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने त्याचे अनुकरण केले, पाकिस्तानने केले नाही. परिणामी त्यांचे १०० रुपये आपल्या १४४ रुपयांबरोबर झाले. भारताने हा भाव मानण्याचे नाकारले.

पाकिस्तानचा युक्तिवाद निराधार नव्हता: आपला ताग व कापूस जगास हवाच आहे, मग तो स्वस्त का विकावा? भारताची अडचणही खरी होती: तागाच्या गिरण्या कलकत्त्याभोवती आणि तागाची बहुतेक शेते पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात. परंतु अर्थशास्त्राचा हा वाद पाहता पाहता मानापमानाचा झाला. व्यापार जवळजवळ थांबला. तागाचा शेतकरी गिऱ्हाइकास आणि गिरणी कच्च्या मालास मुकली. अखेर फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो भाव मान्य केला, आणि १९५५ मध्ये पाकिस्तानने अवमूल्यन करून दोन्ही रुपये पुन्हा समान केले. दोघांनीही नाक वर ठेवले. त्याचे मोल मात्र ज्यांस भाव ठरविताना कोणी विचारले नव्हते त्यांनी दिले.

यावर कोणी म्हणेल की, चलन हे सार्वभौमत्वाचे चिन्ह आहे आणि त्याचा भाव ठरविण्याचा राष्ट्रास पूर्ण अधिकार आहे. हा अधिकार आम्हांसही मान्य आहे. परंतु नाण्यावरचा ठसा राजाचा असला तरी नाणे ज्याच्या कमरेस असते, त्याच्या श्रमाचे ते माप असते. माप ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याकडे त्या श्रमाची जबाबदारीही येते.

आज पारडे फिरले आहे. आपल्या एका रुपयास पाकिस्तानचे सुमारे तीन रुपये मिळतात, आणि शहरातील दिवाणखान्यांत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. तीच गोष्ट मंचर, ओतूर वा आळेफाट्याच्या बाजारात कांद्याची गोणी घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यास निराळी दिसते. शेजाऱ्याचा रुपया घसरला की आखाती देशांत त्याचा कांदा स्वस्त पडतो आणि जुन्नर-आंबेगावच्या कांद्याचे गिऱ्हाईक तिकडे वळू लागते. दिवाणखान्यात जो विजय वाटतो, तो बाजारात तोटा होऊन उतरतो. सीमेपलीकडेही त्याच घसरणीने तेल व औषध महाग होऊन एखाद्या गरिबाची चूल अडते.

म्हणून भाव उघड सांगावा, जसा उषवदाताने सांगितला. तो बदलणे प्राप्त झाल्यास कोणाच्या गाठीचे किती जाते हे आधी पाहावे, हे राज्यकर्त्याचे कर्तव्य होय. आणि शेजाऱ्याच्या नाण्याची घसरण वाचून हर्ष न मानणे, हे तुमचे-आमचे.