शब्दांचे पाप आणि गेंजीची कथा

असत्य न बोलणे हे ज्या धर्माच्या पंचशीलांपैकी एक शील, त्या धर्माच्या छायेत वाढलेल्या राजदरबारात कल्पित कथा लिहिणाऱ्याची परलोकी काय गत होत असेल, हा प्रश्न आज आपल्याला गमतीचा वाटेल; जुन्या जपानी सरदारवर्गाला तो तसा वाटत नव्हता. अकराव्या शतकाच्या आरंभी सम्राज्ञी शोशीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबु या विदुषीने ‘गेंजी मोनोगातारी’ ही ५४ प्रकरणांची गद्यकथा रचली आणि तिच्यात सुमारे ८०० लहान कविता गुंफल्या. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ही बाई खोटे लिहिल्यामुळे नरकयातना भोगीत आहे अशी समजूत इतकी दृढ झाली, की चोकेन नावाच्या, तेंदाई या बौद्ध पंथाच्या प्रवचनकाराने तिच्या उद्धारार्थ सद्धर्मपुंडरीक सूत्र लिहून अर्पण करण्याच्या विधीसाठी निवेदनाचा मसुदा तयार केला. त्या विधीच्या पुण्यात वाचकांचाही वाटा होता, कारण गुन्ह्यातही ते सामील धरले गेले होते!

आरोप पद्यावरही होता, परंतु पद्याला वकील चांगले मिळाले. आपले लौकिक काव्य धर्मस्तुतीचेच निमित्त ठरो, अशी इच्छा चिनी कवी पो च्यू-यी याने पूर्वीच व्यक्त केली होती आणि जपानी कवींनी तिचा भरपूर आधार घेतला. ११९७ मध्ये कवी शुन्झेईने काव्यमार्गाचे नाते तेंदाई पंथाच्या शमथ-विपश्यना ध्यानाशी जोडले. पुढे तेराव्या शतकात मुजू या भिक्षूने तर ३१ अक्षरांची वाका म्हणजे जपानची धारणी, असे सांगून तिला मंत्राचाच मान दिला. हे सोपेही होते. दवबिंदू, मोहोर, मावळतीचा चंद्र यांविषयी बोलणारी कविता कोणाचे नाव घेत नाही, कोणाला जबाबदार धरीत नाही. अनित्यता हाच तिचा विषय असल्यामुळे धर्माशी तिचे भांडण होण्याचे कारणच उरत नाही. गद्य मात्र अमक्याने अमके केले असे सांगते, म्हणून खोटेपणाचा ठपका त्याच्यावरच नेमका बसतो.

या फिर्यादीवरील आपली कैफियत मुरासाकीने पंचविसाव्या प्रकरणातच देऊन ठेवली आहे. पावसाळ्याच्या दिवसांत कथा उतरून काढण्यात रमलेल्या तामाकाझुराला कथानायक गेंजी आधी चिडवतो आणि मग गंभीर होऊन सांगतो, की इतिहासग्रंथांत सत्याचा एक अंशच असतो, माणसाच्या मनाचे तपशील कथेतच सापडतात, आणि बुद्धाच्या उपदेशातही उपायकौशल्य, म्हणजे ऐकणाऱ्याला पेलेल अशा युक्तीने सांगणे, आहेच. युक्तिवाद बिनतोड आहे. पण तो करणारा मनुष्य त्या मुलीचा बाप म्हणून मिरवीत तिच्यावरच लुब्ध झालेला आहे, हे लेखिका आपल्याला क्षणभरही विसरू देत नाही. स्वतःची बाजू अशा लबाड मुखत्याराच्या तोंडून मांडण्याचे धैर्य धर्मपंडितांत क्वचितच आढळेल.

चाळिसावे प्रकरण पाहावे. गेंजीची प्रिय पत्नी मुरासाकी (लेखिकेला तिच्यावरूनच हे नाव पडले असावे) दीर्घ आजाराने क्षीण झाली आहे. केस उतरवून भिक्षुणी होण्याची परवानगी तिने वारंवार मागितली, आणि तिचा विरह सोसणार नाही या सबबीवर गेंजीने ती प्रत्येक वेळी नाकारली. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या एक हजार प्रती तिने लिहवून घेतल्या, त्यांचा अर्पणसोहळाही केला. दीक्षा तेवढी राहिली. शरदातल्या एका संध्याकाळी ती, गेंजी आणि तिने वाढविलेली सम्राज्ञी आकाशी, असे तिघे हागीच्या फुलांवरील दवाविषयी एकेक कविता म्हणतात, आणि पहाटे ती जाते. या तीन कविता सुट्या वाचल्या तर अनित्यतेचे सुंदर उद्गार म्हणून कोणत्याही संग्रहात शोभतील. दव वाऱ्याने गळते हे त्या सांगतात. परवानगी कोणी नाकारली हे मात्र गद्यच सांगते. तिच्या मृत्यूनंतर हाच गेंजी तिचे केस उतरविण्याविषयी मुलाशी बोलू लागतो, तेव्हा त्याच्या शोकाविषयी शंका राहत नाही आणि त्याच्या अपराधाविषयीही राहत नाही. करुणेने पाहणे आणि क्षमा न करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात साधणारे हे लेखन मृषावाद असेल, तर अनेक सत्यवचने त्यापुढे फिकी आहेत.

अठराव्या शतकात मोतोओरी नोरिनागा या जपानी पंडिताने ही कथा धर्मनीतीच्या कचेरीतून सोडवून ‘मोनो नो आवारे’च्या, म्हणजे वस्तुमात्राच्या स्पर्शाने हृदय द्रवण्याच्या, तत्त्वाकडे सोपविली. त्याचे उपकार मोठे आहेत. तरीही तो निवाडा मला अपुरा वाटतो, कारण द्रवणाऱ्या हृदयाने दुसऱ्याचे काय केले, हा हिशेब त्यात मिटून जातो.

मराठी वाचकाला ही कथा बहुधा इंग्रजीतूनच भेटेल. आर्थर वेली यांच्या गाजलेल्या भाषांतरात पुष्कळ कविता संवादात विरघळून गेल्या आहेत. सायडेनस्टिकर यांच्या १९७६ च्या भाषांतरात त्या वेगळ्या ओळींत छापल्या आहेत. चाळिसावे प्रकरण तरी या दुसऱ्या प्रतीतून वाचावे, आणि घाईत कविता गाळू नयेत.