वाऱ्याचा मुक्काम

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायशास्त्राच्या ग्रंथात वायूची ओळख अगदी थोडक्यात उरकली आहे. रंगरूप नसलेले, पण अंगाला लागणारे द्रव्य, एवढेच. वाईत शास्त्रीबुवांसमोर बसून हा ग्रंथ वाचताना आम्ही या इवल्याशा जागेवर कितीतरी दिवस अडकून पडलो होतो. प्रश्न असा, की वारा आपल्याला प्रत्यक्ष कळतो की तो आहे असे अनुमान करावे लागते? जुने नैयायिक म्हणत, वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो प्रत्यक्ष नव्हे. कळतो तो फक्त स्पर्श. स्पर्श हा गुण, आणि गुण कशाच्या तरी आधाराशिवाय राहत नाही. तो आधार म्हणजे वारा. नव्यांचे म्हणणे, त्वचेला कळले ते प्रत्यक्षच, डोळ्यांचा एवढा मान कशाला? शास्त्रीबुवा दोन्ही बाजू सारख्याच जोराने मांडत. मी मात्र मनातून कायम अनुमानवाल्यांच्या बाजूने असे, कारण मी हरिपूरचा.

हरिपूर सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली माती अशी, की तिच्यात खोल पेव खणले तरी ओल धरत नाही. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे, पोट मात्र प्रशस्त. सांगलीच्या पेठेतली हळद या पेवांत वर्षानुवर्षे राही आणि तिला कीड लागत नसे. तोंड बंद करून माती लिंपली की आतली हवा हळूहळू संपे. जिथे माणूस जगत नाही तिथे किडाही जगत नाही, हे हळदीच्या टिकण्याचे कारण. आमचे अण्णा पेवावर हमाली करत. पेव उघडले तरी लगेच कोणी आत जात नसे. बराच वेळ तोंड मोकळे ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. तो विझला तर थांबायचे. “आधी दिवा बघ, मगच पाय घाल,” हे वाक्य अण्णा नव्या पोरांना सांगताना मी कितीदा तरी ऐकले आहे. शाळेचे तोंड न पाहिलेला माणूस दिव्यावरून हवेचे अनुमान करत होता. ज्यावर ज्योत जगते त्यावरच जीव जगतो, ही व्याप्ती, म्हणजे दोहोंची अटळ सोबत, त्याला कोणी शिकवली नव्हती. कुणाकुणाची चूक जिवावर बेतून गावाने ही समज मिळवली होती. 2005 च्या महापुराने त्यातली बरीच पेवे नासली.

त्याच ‘तर्कसंग्रहा’त वायूच्या प्रकरणाला लागूनच प्राणाची गोष्ट येते, आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे. शरीरात हिंडणारा वायू तोच प्राण. तो एकच आहे; प्राण, अपान, व्यान ही नावे जागेवरून पडली. लहानपणापासून ‘माझा प्राण’, ‘माझा जीव’ असे म्हणत आलेल्या मुलाला हे ऐकून धक्का बसायला हवा. मला बसला. संगमावरून येणारी झुळूक आणि माझ्या छातीतला श्वास यांत द्रव्याचा फरक नाही, फक्त ठिकाणाचा आहे. निवांत बसलेला माणूससुद्धा दिवसाकाठी सुमारे 10,000 लिटर हवा आत-बाहेर करतो. त्यातले मालकीचे किती? क्षणभराच्या मुक्कामाला मालकी म्हणत नाहीत. उपनिषदांत इंद्रियांचे भांडण आहे. श्रेष्ठ कोण हे ठरवायला एकेक जण शरीर सोडून जातो. वाणी गेली, डोळे गेले, कान गेले, तरी माणूस तगला. प्राण निघू लागला तेव्हा बाकीच्यांची मुळे उखडायला लागली. प्राणाचे थोरपण त्याच्या निघण्यातून कळले, असण्यातून नाही.

श्वासाची ही गरज फक्त माणसाची नाही. नोकरी संपल्यावर मी वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी राहायला आलो, तेव्हा शेतकऱ्यांच्या बोलण्यातला ‘वाफसा’ मला नीट समजला. पाऊस पडून गेला, माती ओली आहे, पण चिकटत नाही. तिच्या कणांमधल्या पोकळीत पाणीही आहे आणि हवाही. मूळ तेव्हा श्वास घेते. इथे पाणी इतके मुबलक, की उसाला ते उठसूट सोडले गेले आणि कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या. पांढरे मीठ वर आले, खाली मुळे पाण्यात गुदमरली. पाणी हे जीवन, असे आपण म्हणतो; त्याच पाण्याने जमिनीचा श्वास कोंडला. नदीतल्या माशालाही पाण्यात विरघळलेली हवाच लागते. मळीचे पाणी नदीत उतरले की ते कुजताना हवा खाऊन टाकते, मग मासे पृष्ठभागावर तोंडे उघडून तडफडतात.

या भागाचा देव मारुती. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, चाफळ असे बहुतेक सातारा जिल्ह्यात. बहे आणि शिराळा सांगलीत. मारुतीला आपण वायुपुत्र म्हणतो आणि बापाला विसरतो. रामायणाच्या उत्तरकांडात आहे, की सूर्याकडे झेपावलेल्या बाळाला इंद्राने वज्र मारले, तेव्हा वायूने लेकराला उचलले आणि तो गुहेत जाऊन बसला. वाहणे थांबले. प्राणिमात्र कासावीस झाले, देवसुद्धा. अखेर ब्रह्मदेव सर्वांना घेऊन आले, बाळाला स्पर्श केला, ते उठले, आणि वारा पुन्हा वाहू लागला.

माझ्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारले होते, “गुरुजी, चूक इंद्राची, मग बाकीच्यांना शिक्षा का?” प्रश्न खरा आहे. त्यावर माझे उत्तर असे, की ही शिक्षेची कथाच नाही. वायूने कितीही ठरवले तरी एकट्या इंद्राचा श्वास त्याला रोखता येणार नाही. पाणी अडवता येते, धान्य कोठारात घालता येते, जमिनीला बांध घालता येतो. वाऱ्याला बांध नाही. तो थांबला तर सगळ्यांचा थांबतो, बिघडला तर सगळ्यांचा बिघडतो. हवेच्या बाबतीत ‘ज्याचे त्याने भोगावे’ हा न्याय लागूच पडत नाही. आपला कर्मविचार इथे अपुरा पडतो, असे मला वाटते, आणि हे मी पुष्कळ विचार करून म्हणतो.

गळीत हंगाम आला की संध्याकाळी आमच्या घराच्या खिडक्या बंद होतात. माझ्या पत्नीला दमा आहे. कुणीतरी उसाचे पाचट पेटवलेले असते. थंडीत जमिनीजवळची हवा गार होऊन तिथेच साचते, धूर वर जात नाही, तो गावावर पसरून राहतो. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीच्या काळ्या काड्या. पेटवणारा वाईट माणूस नाही. शनिवारी तो बहेच्या मारुतीला तेल वाहून येतो. त्याची समजूत एवढीच, की रान आपले, पाचट आपले. पण धूर बांधापाशी थांबत नाही. तो थेट शेजारच्या घरातल्या छातीत जातो. तोच वायू तिथे प्राण म्हणून हिंडत असतो. मारुतीच्या बापाला हा नैवेद्य कसा चालेल?

एक हेक्टर उसातून साधारण आठ-दहा टन पाचट निघते. ते जाळले की त्यातला नत्र आणि सेंद्रिय भाग धुरातून निघून जातो. सरीत पसरले तर ओल टिकते, तण दबते आणि कुजून जमिनीलाच परत मिळते. हे आता अनेक शेतकरी करतात, आणि त्यांचा खोडवा चांगला येतो. तेव्हा कृष्णाकाठच्या माझ्या शेतकरी बंधूंनो, यंदा तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका. पेटवू मात्र नका.