चूक आधी कोणाच्या कानाला कळते?

मुलासाठी पियानोचा शिक्षक कसा निवडावा यावर हल्ली बरंच लिहिलं-बोललं जातं, आणि ते सगळं फिरून एकाच प्रश्नाशी येऊन थांबतं: सर परीक्षांना बसवतात का? पुण्या-मुंबईत या परीक्षा लंडनच्या मंडळांच्या असतात, आमच्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या. तिकडचा पालक ‘मुलगी ग्रेड तीनला आहे’ म्हणतो, इकडचा ‘पोराची मध्यमा झाली’ म्हणतो. पोरगं वाजवतं कसं, हे दोघांच्याही बोलण्यात क्वचितच येतं.

कोहमाऱ्यात हा प्रश्न जास्तच उघडा पडतो. सडक अर्जुनी तालुक्यातलं हे नाक्याचं गाव. पश्चिमेला साकोली, पूर्वेला देवरी, उत्तरेला गोरेगाववरून गोंदिया, दक्षिणेला नवेगावबांध. मधून महामार्गावरचे ट्रक. 88 पट्ट्यांचा खरा पियानो इथे कुणाच्या घरी असेल असं वाटत नाही. पियानो म्हणजे कीबोर्ड, आणि कंपनी कोणतीही असली तरी कीबोर्ड म्हणजे कॅसिओ. शिकवणारा कोण? भजनी मंडळातले पेटीमास्तर, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला कीबोर्डवाला, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवणारा एखादा, नाहीतर मोबाइलवरचा कुणीतरी. मोबाइलवरच्याला मुलाचं मनगट दिसत नाही, एवढं सांगून मी त्याला निरोप देतो. मोठा वादक तोच मोठा शिक्षक, हे मत तर खंडन करण्याच्याही लायकीचं नाही.

परीक्षावाल्यांचं मात्र ऐकून घेतलं पाहिजे, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. ते म्हणतात, धानाचा व्यापार करणाऱ्या किंवा जिल्हा परिषदेत नोकरी करणाऱ्या बापाला सूर कळत नाही. शिक्षक खरा की पोकळ, हे त्याने कशावरून ठरवायचं? प्रमाणपत्र हे निदान कुणातरी तिसऱ्या माणसाने केलेलं माप आहे. इतिहासही त्यांच्या बाजूने उभा करता येतो. पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे भातखंड्यांनी रागांना लेखी शिस्त आणली, आणि गुरूच्या घरी पाणी भरण्याची अट संपून कुणाच्याही लेकराला फी भरून गाणं शिकता येऊ लागलं. प्रारंभिकपासून अलंकारपर्यंतची शिडी नसती, तर सडक अर्जुनीच्या एखाद्या मुलीला विशारद हा शब्दही ऐकू आला नसता. हे ऋण नाकारणारा माणूस कृतघ्न ठरेल.

तरीही हे माप चुकीच्या जागी लावलं जातंय. परीक्षेत काय वाजवायचं ते आधी ठरलेलं असतं. ठरलेले राग, ठरलेले अलंकार, हातावर ताल देऊन म्हणायचे ठेके. तेवढं वर्षभर घोटून घेणारा कोणताही चिकाटीचा मास्तर पोराला पास करू शकतो. परीक्षक राग ओळखायला सांगतात, मान्य. पण पाच-सहा रागांतला एक ओळखायला पुष्कळदा तर्कही पुरतो. लंडनच्या परीक्षांत कानाची वेगळी चाचणी असते, असं कुणी म्हणेल. असते. तिथल्या असोसिएटेड बोर्डाच्या (ABRSM) प्रात्यक्षिक ग्रेडमध्ये 150 पैकी 18 गुण त्या चाचणीला आहेत आणि पास व्हायला 100 लागतात. म्हणजे कानाच्या चाचणीत शून्य मिळालं तरी वाट अडत नाही. त्यात आपल्या राज्यात 2017 पासून शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्यांना दहावीला वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगलाच होता. पण आता आठवीत क्लास लागतो आणि दहावीच्या निकालानंतर कीबोर्डवर कापड पडतं. वाईट याचं वाटतं की पलुसकरांविषयी जे सांगितलं जातं ते नेमकं उलट आहे: तानसेन घडवण्यापेक्षा कानसेन घडवण्याची त्यांना ओढ होती म्हणे. त्यांच्याच नावाच्या शिडीवर आपण कान सोडून बाकी सगळं चढवत आहोत.

पियानो, पेटी, ऑर्गन, कीबोर्ड या सगळ्या पट्टीच्या वाद्यांची एक गोम आहे, आणि शिक्षकाचा प्रश्न तिथेच अडतो. व्हायोलिनवर बोट केसभर सरकलं की सूर बिघडतो. मुलाला ऐकावंच लागतं. पट्टीच्या वाद्यावर सूर आधीच तयार करून ठेवलेला असतो, त्यामुळे कानाचं काम डोळा करू शकतो. पट्ट्यांवर सा-रे-गची चिकटपट्टी लावून पूर्ण गाणं वाजवणारी मुलं मी पाहिली आहेत. चिकटपट्टी काढली की बोटं जागीच थिजतात. पेटीने कान बिघडतो म्हणून 1940 मध्ये आकाशवाणीने तिला बंदी घातली आणि ती तीन दशकं टिकली. तो वाद श्रुतींचा आणि मींडेचा होता. माझी भीती त्याहून साधी आहे: पेटीवर न ऐकताही बरोबर वाजवता येतं. कॅसिओवर तर तालाचं बटण दाबलं की यंत्र चूकही झाकून टाकतं. आणि समोर आलेलं मूल कानाने वाजवतं की डोळ्याने, हे आधी बसवलेल्या रचनेवरून परीक्षकाला सहसा कळू शकत नाही.

बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने 1985 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पुढे नावारूपाला आलेल्या पियानोवादकांना त्यांच्या पहिल्या शिक्षकाविषयी विचारलं होतं. बहुतेकांचा पहिला शिक्षक आसपासच राहणारा, साधा, मायाळू माणूस होता. निष्णात शिक्षक नंतरच्या टप्प्यावर आले. कोहमाऱ्याच्या पालकाने यातून हुरूप घ्यायला हरकत नाही. पण मायाळूपणावरच थांबणं मला पटत नाही, कारण मायाळू माणूसही चिकटपट्टी लावून देतो.

ऐकण्याची शाळा जवळच आहे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत झाडीपट्टीतलं नाटक पाहायला बसलात तर थोडा वेळ नटांवरून नजर काढून रंगमंचापुढच्या वादकांकडे बघा. नट प्रत्यक्ष गातो, कधी सूर चढा लावतो, कधी टाळ्या पडल्या म्हणून ओळ पुन्हा घेतो, आणि ऑर्गनवाल्याला त्याच्या मागे जावं लागतं. तिथे कागदाकडे बघत बसलेला माणूस टिकत नाही. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीच्या अभिनयाची वाहवा झाली. तिच्या वादकांच्या कानाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. या परंपरेचा मी उदोउदो करत नाही. तिथेही सिनेमाच्या चाली जशाच्या तशा उचलणारे आहेत, आणि रात्रभर वाजवून आलेला माणूस सकाळी लहान मुलाला शिकवायला धीर कुठून आणणार, हा प्रश्न आहेच. नामवंत पेटीवादक गोविंदराव टेंबेही पेटी बरीचशी आपली आपणच, ऐकून शिकले. तेवढ्यावरून प्रत्येक पोराला मोकळं सोडावं असंही नाही.

माझा भेद एवढाच आहे: मुलाची चूक आधी ऐकणारा मास्तर, आणि ती मुलालाच आधी ऐकू देणारा मास्तर. भूप चाललाय. पोराने पंचमाऐवजी मध्यम दाबला. पहिला मास्तर झटकन म्हणतो, ‘म नाही, प!’ आणि बोट उचलून योग्य पट्टीवर ठेवतो. दुरुस्ती झाली, पण ऐकलं मास्तरांनी. दुसरा ओळ संपू देतो. मग म्हणतो, ‘बाबू, काही खटकलं का रे?’ पोरगं ‘नाही’ म्हणतं. ‘बरं, आता तीच ओळ गा.’ गाताना पोराचा गळा आपोआप पंचमावर जातो, ते थबकतं, पट्ट्यांकडे बघतं. यात दोन मिनिटं गेली. (गप्प राहणारे सगळेच या जातीचे नसतात, काही जण व्हॉट्सॲप बघत असतात म्हणून गप्प असतात.) हा फरक ओळखायला बापाला सूर कळावा लागत नाही. एका तासाला कोपऱ्यात बसून, चूक झाल्यावर पहिल्यांदा कोण बोलतं आणि वाजवण्याआधी मुलाला गायला लावतात का, एवढं पाहिलं की पुरे. मग तो माणूस विशारद असो, भजनी मंडळातला असो की ऑर्केस्ट्रातला, मला फरक पडत नाही. असा माणूस परीक्षेलाही बसवत असेल तर बसवू द्यावं; वाढीव गुणांशी माझं वैर नाही.

याची किंमत मात्र आधीच सांगितलेली बरी. अशा मास्तरांकडे लावलेलं पोरगं पहिल्या वर्षीच्या गॅदरिंगला बहुधा काहीच वाजवू शकणार नाही. त्याच्याच वर्गातला, बोटं धरून शिकवलेला मुलगा तालाचं बटण दाबून दोन गाणी वाजवेल आणि टाळ्या घेईल. घरी जाताना आई विचारेल, ‘आपल्याला का नाही येत रे अजून?’ आणि बहुतेक क्लास त्याच आठवड्यात बदलले जातात.