ज्यांना विचारले नाही

विज्ञानकथा आणि अद्भुतकथा हे वाङ्मयप्रकार आपल्या वाचकवर्गास अजूनही काहीसे परके वाटतात. आमच्या परिचयाच्या एका ग्रंथालयात संतचरित्रे आणि कौटुंबिक कादंबऱ्या हाताळून जीर्ण झाल्या आहेत. शेजारच्या खणातील विज्ञानकथा मात्र कोऱ्या करकरीत आहेत. मुलांची करमणूक, एवढीच त्यांची किंमत सर्वसाधारणपणे केली जाते. आमचेही मत फार निराळे नव्हते. २० मे २०२५ रोजी डॉ. जयंत नारळीकर निवर्तले, त्यांच्या कथा आम्ही पुन्हा हाती घेतल्या, आणि त्या मताला धक्का बसला.

नारळीकरांच्या कथालेखनाचा प्रारंभ १९७४ सालचा. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठविली. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून हे नाव बेतलेले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आपल्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, आणि त्यांच्या पाठोपाठ २०२१ च्या नाशिक संमेलनासाठी नारळीकरांची निवड झाली. धर्मगुरूनंतर खगोलशास्त्रज्ञ, हा क्रम मराठी सारस्वताला विसंगत वाटला नाही, याचे आम्हांस समाधान आहे.

त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेने आम्हांस विशेष अस्वस्थ केले. कोलकात्यातील एका हौशी निरीक्षकाला नवा धूमकेतू दिसतो. तो पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अणुस्फोटाच्या साह्याने त्याचा मार्ग बदलण्याचे ठरवितात. जगाला यातले काही कळू दिले जात नाही. इकडे निरीक्षकाच्या घरी धूमकेतूचे अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि सारे सुखरूप पार पडल्याचे श्रेय घरातली मंडळी यज्ञाला देतात. लेखकाचा रोख अर्थातच अंधश्रद्धेवर आहे, आणि तो योग्यही आहे.

पालघरहून बोईसरला जाताना आम्ही हेच पुस्तक वाचीत होतो. समोर मासळीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या. पुस्तकात काय आहे, असे त्यांनी सहज विचारले. उमरोळी येईपर्यंत कथा सांगून झाली. त्या हसल्या नाहीत. मग लोकांना कधी सांगितले, एवढेच त्यांनी विचारले. सांगितलेच नाही, असे आम्ही म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढे बोलण्याच्या ओघात कळले की त्या मूळच्या पोफरणच्या. आता नव्या पोफरणला राहतात आणि विकण्यासाठी मासळी सातपाटीहून विकत आणतात.

वाचकांस ठाऊकच आहे की तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या २००५ व २००६ मध्ये आल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावे उठली व समुद्रापासून दूर नव्या वसाहतींत गेली. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. विजेची गरज आम्ही नाकारीत नाही. हा लेखही विजेच्याच दिव्याखाली लिहिला आहे. परंतु त्या मावशींच्या प्रश्नानंतर कथेकडे पाहण्याची आमची दृष्टी बदलली. घरातल्या ज्या अज्ञानाला कथा हसते, ते अज्ञान काही अंशी कथेतल्या शास्त्रज्ञांनीच राखलेले आहे. ज्यांच्यापासून सत्य लपविले त्यांनी खोट्या कारणाला श्रेय दिले, तर दोष एकट्या त्यांचाच कसा?

घबराट माजली असती, असे उत्तर यावर दिले जाते, आणि ते पोकळ नाही. पण बायबलमध्ये याच्या उलट घडलेली एक गोष्ट आहे. चाळीस दिवसांत निनवे नगराचा नाश होणार, हे योनाने रस्त्यारस्त्यांतून जाहीर केले. नगरात चेंगराचेंगरी झाली नाही. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसला, लोक पालटले, नाश टळला. भाकीत खोटे ठरले म्हणून रागावला तो एकटा योना! भविष्य सांगणाऱ्याला आपले भविष्य लोकांच्या जिवापेक्षा प्रिय होऊ शकते, हे या छोट्याशा ग्रंथाने किती आधी ओळखले होते. सगळी नगरे निनवेसारखी वागतील असे नव्हे. परंतु निनवेला निदान संधी मिळाली.

अद्भुतकथेने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गाठला आहे. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांची मुद्रिकेची महाकथा ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत उपलब्ध आहे. तीत गँडाल्फ हा ज्ञानी पुरुष ती सर्वसमर्थ मुद्रिका हाती घेण्याचे नाकारतो. दुर्बळांच्या कणवेपोटी, भले करण्याच्या इच्छेनेच आपण तिच्या आहारी जाऊ, अशी त्याला भीती वाटते. दुष्टाला सत्तेचा मोह होतो हे कोणीही सांगेल. सज्जनाला तो दयेच्या रूपाने होतो हे सांगण्यासाठी मोठा लेखक लागतो.

वॉल्टर मिलर या अमेरिकी लेखकाने दुसऱ्या महायुद्धात माँते कासिनोच्या मठावरील बॉम्बहल्ल्यात भाग घेतला होता. त्याच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोवित्झ’ या कादंबरीला १९६१ साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. अणुयुद्धानंतरच्या वाळवंटात एका मठातले संन्यासी जुन्या ज्ञानाचे कपटे, अर्थ न कळताही, शतकानुशतके जपून ठेवतात. ज्ञान पुन्हा उजळते आणि बॉम्बही पुन्हा येतात. या कादंबरीचा मराठी अनुवाद आमच्या पाहण्यात नाही. कोणी हाती घेईल तर आपल्या वाचकांवर उपकार होतील.

हे पुस्तक मिटताना आमचे मन तारापूरकडेच गेले. नारळीकरांच्या पहिल्या कथेच्याच साली, १९७४ मध्ये, पोखरणची अणुचाचणी झाली. तारापूरला अमेरिकेकडून मिळणाऱ्या इंधनाचा तंटा त्यानंतर उद्भवला आणि वापरलेले इंधन वर्षानुवर्षे इथेच साठवून ठेवावे लागले. अशा इंधनात प्लुटोनियम असते, आणि त्याची किरणशीलता निम्मी होण्यासच सुमारे २४,००० वर्षे लागतात. पोफरणच्या लोकांना निदान न्यायालयाची पायरी तरी चढता आली. जे अजून जन्मले नाहीत त्यांना कोण विचारणार, आणि कोणत्या भाषेत? खरी विज्ञानकथा आम्हांस इथे दिसते, आणि ती मराठीत कोणीतरी लिहावी असे मनापासून वाटते.

त्या कथेला लागणारे साहित्य आपल्या उत्तर कोकणातच पडलेले आहे. शिलाहार राजांच्या काळात दानाच्या जमिनीवर गद्धेगाळ नावाचे दगड रोवीत. वर सूर्य-चंद्र, म्हणजे ते असेतोवर हा लेख टिकावा. मध्ये दानाचा मजकूर. खाली दान मोडणाऱ्यासाठी गाढवाचा शाप. पुढच्या सर्व पिढ्यांना दिलेली ती स्पष्ट ताकीद होती. त्याला जेमतेम हजार वर्षे लोटली असतील. आज तो मजकूर तज्ज्ञांवाचून कोणाला लागत नाही, आणि काही गावांत लोकांनी त्या दगडांना देव समजून शेंदूर फासला आहे.