पुऱ्या दामाची हळहळ

वाचकहो, घरात कॉलेजात जाणारा नातू किंवा भाचा असेल तर पुढची गोष्ट तुम्हाला नवी वाटणार नाही. पोराने संगणकावरचा किंवा प्लेस्टेशनवरचा एखादा खेळ निघाला त्याच दिवशी पुऱ्या दामाने घेतलेला असतो. सहा-आठ महिने जातात. सेल लागतो आणि तोच खेळ निम्म्या किमतीत दिसतो. मग पोरगा दोन दिवस उदास. विचारले तर म्हणतो, "आजोबा, अडीच हजार पाण्यात गेले." आपण म्हणतो, "मग घ्यायचाच कशाला होता?" तिथे बोलणे संपते. त्याला वाटते, यांना काही कळत नाही. आपल्याला वाटते, याला पैशाची किंमत नाही. मला दोघांचेही म्हणणे अर्धवट वाटते.

खेळ म्हटला की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी आधी गाथा उघडून पाहावी. तुकोबांनी फुगडीवर अभंग केले, हमाम्यावर केले, चेंडूफळीवर केले. वारीच्या वाटेवर टाळकरी फुगड्या घालतात, रिंगणात घोडा धावला की सत्तर वर्षांचे म्हातारे टापेखालची माती कपाळाला लावायला पोरासारखे पळतात. तेव्हा खेळ हाच दोष, हे म्हणणे वारकऱ्याच्या तोंडी शोभत नाही. प्रश्न खेळाचा नाही, दामाचा आहे. त्यातही दाम किती हा नाही, तर दाम दिल्यावर जे मागे उरते त्याचा आहे.

दाम थोडा नाही, हे मात्र मान्य करू. प्लेस्टेशन 5 भारतात 2021 साली आला, तेव्हा सोनीच्या स्वतःच्या मोठ्या खेळांची किंमत 4,999 रुपये होती. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. म्हणजे एक खेळ म्हणजे साधारण 66 किलो कापूस, आणि व्यापाऱ्याने हमीभावाच्या खाली घेतला तर त्याहूनही जास्त. ज्यांनी पऱ्हाटीत वाकून कापूस वेचला आहे त्यांना 66 किलो म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. सीतादहीची पूजा करून पहिली वेचणी सुरू होते, तेव्हा कोणी मनात म्हणत नाही की यातला एवढा भाग पोराच्या खेळासाठी. पण तो जातो.

आता गंमत पाहा. पोराची हळहळ ज्यांना पोरकट वाटते, त्या आजोबांची स्वतःची हळहळ अगदी तीच असते, फक्त उलट्या बाजूने. दिवाळीच्या आधी कापूस विकला आणि संक्रांतीनंतर भाव चढला. मोर्शी-वरुडाकडच्या बागवानाने आंबिया बहार झाडावर असतानाच व्यापाऱ्याला ठोक दिला आणि तोडणीच्या वेळी संत्र्याचा दर वर गेला. ही गोष्ट तो दहा वर्षे सांगत राहतो. घेणाऱ्याला वाटते थांबलो असतो तर स्वस्त मिळाले असते, विकणाऱ्याला वाटते थांबलो असतो तर महाग गेले असते. दोघेही उद्या कळलेल्या गोष्टीचा जाब कालच्या स्वतःला विचारतात. पण काल कापूस विकला तेव्हा दुकानदाराची उधारी दारात उभी होती, पोरीची फी भरायची होती. त्या दिवसाच्या भावात त्या दिवसाची गरजही होती. पुढे भाव चढला म्हणून ती गरज खोटी ठरत नाही.

तसेच त्या खेळाचे. तो निघाला त्या आठवड्यात पोराचे चार मित्र रोज रात्री एकत्र बसत, आरडाओरडा करत, एकाचे अडले की दुसरा वाट सांगे. आठ महिन्यांनी तोच खेळ निम्म्या किमतीत मिळतो खरा, पण ते चौघे आता कुठे असतात? एक पुण्याला, एक नोकरीला, एकाचे मन दुसऱ्या खेळात. स्वस्त झाली ती वस्तू. त्या रात्री विक्रीला नव्हत्या.

हे आपल्या वाटेवर ताडून पाहू. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. तिथून निघालेली पालखी पायी पंढरीला जाते, महिन्याहून जास्त चालते. अमरावतीहून बसने निघालेला माणूस एक रात्र झोप काढतो आणि दुसऱ्या दिवशी चंद्रभागेत उभा असतो. विटेवरचा देव दोघांना तोच. पायाला फोड आलेल्या वारकऱ्याने बसवाल्याकडे पाहून कधी म्हटले आहे का, की "अरेरे, मी पुरी किंमत मोजली, याला सवलतीत मिळाले"? मी तरी ऐकलेले नाही. चालणे ही दर्शनाची किंमत आहे असे तो मानतच नाही. चालणे हेच त्याने घेतलेले असते.

पण मनाला इतक्या सहज सोडवता येत नाही, कारण हळहळीत अनेकदा दुसऱ्याचे मिळणे बोचत असते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो 5' हा खेळ संगणकासाठी 2015 साली आला, तेव्हा लोकांनी तो पुऱ्या दामाने घेतला. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, एपिक गेम्स या दुकानाने तोच खेळ आठवडाभर सगळ्यांना फुकट दिला. ज्यांनी पाच वर्षे तो मनमुराद खेळला होता, त्यांचे त्या आठवड्यात काय गेले? काहीच नाही. तरी कित्येकांच्या मनाला लागले असेल. आपल्याला मिळालेले तेवढेच असते, पण दुसऱ्याला फुकट मिळाले की ते कमी वाटू लागते. मत्सर हा शब्द आपण मोठ्या भांडणांसाठी राखून ठेवतो. खरे तर त्याचे घर अशा बारीक ठिकाणी असते.

इथे एक भेद करायला हवा. पंढरपुरात दर्शनबारीत रात्रभर उभा राहिलेला माणूस, वशिल्याने मागच्या दाराने आत गेलेल्यावर चिडतो. ते चिडणे न्यायाचे आहे. पण एकादशी टाळून पुढच्या आठवड्यात गर्दी ओसरल्यावर आला आणि तासाभरात दर्शन घेऊन गेला, त्याच्यावर चिडण्याचे काय कारण? सेलची वाट पाहून घेणारा हा दुसऱ्या जातीचा. त्याने कोणाचे काढून घेतलेले नाही. उलट पहिल्या दिवशी पुरा दाम देणाऱ्यांनी तो खेळ बनवणाऱ्यांचा खर्च सोसला, म्हणून पुढे तो स्वस्तात देणे परवडले. भंडाऱ्यात पहिल्या पंगतीला बसणाऱ्याने वर्गणी दिली आणि शेवटच्या पंगतीला वाटसरू येऊन जेवला, तर वर्गणी देणाऱ्याने उष्टे हात घेऊन भांडायला जायचे का? कंपनीचा व्यवहार हा भंडारा नव्हे, हे मला कळते. तिथे पुण्याचा हिशेब नाही, नफ्याचा आहे. तरीही मन मोठे करायला निमित्त कुठलेही चालते.

आता दुसरी बाजू, कारण ग्राहकाची फसगत झाली तर त्यालाच क्षमेचे धडे देणे हा अन्याय होईल. 'सायबरपंक 2077' हा खेळ 10 डिसेंबर 2020 ला आला. आधी कित्येक वर्षे गाजावाजा. हातात आल्यावर जुन्या प्लेस्टेशनवर तो धड चालेना, मध्येच बंद पडे. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, आणि ज्यांनी दोन-तीन वर्षे दम धरला त्यांना तो चांगला आणि स्वस्तही मिळाला. इथे पहिल्या ग्राहकाने पुरा दाम देऊन कच्चा माल घेतला. त्याने रागवावे, पैसे परत मागावेत. स्टीम या दुकानात 2015 पासून सोय आहे: घेतल्यापासून 14 दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर खेळ परत देता येतो. आपल्या नातवाला ती माहीत आहे का, एवढे विचारा. परत मागण्यात लाज नाही.

महिपतीबाबांनी भक्तलीलामृतात तुकोबांची एक गोष्ट सांगितली आहे. तुकोबा मिरची विकायला कोकणात गेले, आणि परतताना एका ठकाने पितळेच्या कड्यांना सोन्याचा मुलामा देऊन ती त्यांच्या गळ्यात मारली. सोन्याच्या भावाने पितळ. घरी काय झाले असेल, जिजाईंनी काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते. भोळेपणाचे कौतुक म्हणून आपण ही कथा ऐकतो. मला त्यात जिजाईंची बाजूही दिसते. पीठ आणायला पैसे लागतात, आणि पितळेवर पीठ मिळत नाही.

पण माझा खरा रोख आहे तो तिसऱ्या हळहळीकडे. तिची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला आहे. रिद्धपूर ही महानुभावांची काशी. त्यांचा पंथ आपल्याहून निराळा, आचार निराळा. आता तिथे मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले आहे, ते याच गावी म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळणी केली म्हणून. त्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिकत येते. गुजरातेतल्या प्रधानाचे ते पुत्र, नाव हरपाळदेव. त्यांना द्यूताचा नाद होता. एकदा हरले, देणे झाले, म्हणून पत्नी कमळाइसांकडे दागिने मागितले. कमळाइसांनी नाही म्हटले. तो नकार त्यांच्या जिव्हारी लागला. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, बरोबरची माणसे वाटेत मागे सोडत एकटे रिद्धपूरला आले आणि तिथे श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे.

या कथेत मला थांबवते ते असे: हरलेल्या जुगाऱ्याला हळहळ वाटतेच. ती रोज वाटते. तिच्यामुळे कोणी जुगार सोडत नाही. उलट हळहळच त्याला पुन्हा पटावर बसवते, कारण गेलेले परत आणायचे असते. डाव चुकला, एवढेच तिला कळते. हरपाळदेवांना त्या दिवशी जे झाले ते निराळे होते. किती हरलो हा हिशेब मागे पडला, आणि ज्यात आपण आहोत ते सगळेच एका 'नाही'च्या उजेडात दिसले. संतांनी याला अनुताप म्हटले. आपण बोलताना दोन्हींना पश्चात्ताप म्हणून मोकळे होतो. पण हळहळ माणसाला त्याच जागी फिरवत ठेवते, अनुताप त्याला उठवून चालायला लावतो.

विकत घेतलेला खेळ म्हणजे जुगार नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये कायद्याने बंदी आणली, तो विषय वेगळा आणि जास्त गंभीर. पण मनाची चाल तीच आहे. पुऱ्या दामाने घेतल्याची हळहळ झालेला पोरगा पुढच्या सेलची वाट पाहतो आणि त्या दिवशी नुकसान भरून काढायचे म्हणून निम्म्या, पाव किमतीत दहा-बारा खेळ घेऊन ठेवतो. त्यातले आठ कधी उघडतही नाहीत. पुऱ्या दामाचा एक खेळ त्याने चाळीस रात्री खेळला होता, आणि हळहळतो त्याचसाठी. स्वस्तातले आठ तसेच पडून, त्यांच्यासाठी डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. कशासाठी वाईट वाटायचे हेही दुकानानेच ठरवून दिलेले. साड्यांच्या सेलमधून आणलेल्या आणि घडी न मोडलेल्या साड्या आपल्या कपाटात किती आहेत, हे पाहून मगच पोराला बोलावे, नाहीतर तो दाखवील.

कमळाइसांनी त्या दिवशी दागिने काढून दिले असते तर आणखी एक डाव झाला असता, एवढे नक्की. त्या बाईचे नाव आपण फारसे घेत नाही. आता मात्र तसे कोणाकडे मागायला जावेच लागत नाही. फोनवर बोट ठेवले की पैसे गेले. 'नाही' म्हणणारे माणूस व्यवहारात कुठे उभेच राहत नाही, आणि आई-बापांना कळते ते बँकेचा संदेश आल्यावर.

माउली, एक बारीक गोष्ट. स्टीमचा उन्हाळी सेल बहुधा जूनच्या अखेरीस लागतो, तेव्हा पालख्या वाटेवर असतात. कौंडण्यपूरची पालखी तोवर वऱ्हाड सोडून खूप पुढे गेलेली असते, तिला गाठणे जमायचे नाही. रिद्धपूर मात्र जवळ आहे, त्या आठवड्यात एक दिवस नातवाला घेऊन जाऊन या. वाटेत त्याच्या खेळाबद्दल विचारा, किमतीबद्दल नको. कोणाबरोबर खेळत होता, कुठे अडला होता, ते विचारा. हरपाळदेवांची गोष्ट त्याला माहीत नसेल, तर परतीच्या वाटेवर सांगता येईल.