दगडाची ओळख : माहूरच्या तांदळ्यासंबंधी एक विचार

नांदेड जिल्ह्यातील माहूरगडावर रेणुकामातेचे जे रूप पूजले जाते ते शिल्पकाराने घडवलेली मूर्ती नसून तांदळा आहे, म्हणजे अवयव न कोरलेली, स्वयंभू मानलेली आणि शेंदूर चढवून मुखरूपाने पूजिलेली शिळा आहे. सहस्रार्जुनाने जमदग्नींचा वध केल्यानंतर परशुरामाने पित्याचा देह आणि माता यांना कावडीतून माहूरला आणले, दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली अंत्यसंस्कार झाले आणि रेणुका सती गेली, अशी कथा सांगतात. आईसाठी शोक करणाऱ्या परशुरामाला ती डोंगरातून प्रकट होईल, परंतु तोवर मागे वळून पाहू नये, असे सांगण्यात आले. पण तो अधीर होऊन वळला आणि तोपर्यंत केवळ मुख वर आले होते. या कथेचे मर्म शिळेच्या अद्भुततेपेक्षा तिच्यात मुलाने आपली आई ओळखली, यात अधिक आहे.

शेतात वा ओढ्यात घरातल्या कोणाला आगळा दगड सापडतो आणि तो ओसरीवर ठेवून ‘हे काय असावे?’ असे विचारले जाते, तेव्हाही एका वाक्यात दोन प्रश्न असतात. पहिला प्रश्न जातीचा, म्हणजे वस्तू कोणत्या प्रकारात मोडते याचा. दुसरा प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे समोरचे दर्शन आणि पूर्वीचा संस्कार एकत्र येऊन ‘तोच हा’ असे जे ज्ञान होते त्याचा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर या प्रदेशात बहुधा मिळू शकते. माहूरचा डोंगर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हापासून झालेल्या बेसाल्टचा आहे. लाव्हा थिजताना वायूंच्या बुडबुड्यांमुळे त्यात पोकळ्या राहिल्या आणि पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्यांत झिरपून थरावर थर साचत गारगोटी तयार झाली. बेसाल्ट झिजून त्याची काळी माती होते, परंतु आतली गारगोटी अधिक कठीण असल्याने तशीच उरते आणि नांगराच्या फाळाला लागून वर येते. बाहेरून ती मळकट, खरबरीत व खाचखळग्यांची दिसते. फोडल्यावर मात्र करड्या-पांढऱ्या वलयांच्या मध्यभागी कधीकधी स्फटिकांची दाट टोके चमकतात. घरच्यांना हे स्पष्ट सांगावे. श्रद्धा दुखावेल म्हणून लपवून ठेवण्यासारखे त्यात काहीच नाही.

कारण परंपरेनेही दगडांची छाननी केलेलीच आहे. पंचायतन पूजेत, म्हणजे पाच देवतांच्या एकत्र उपासनेत, शिवाचा बाण नर्मदेचा आणि विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा असावा, असा उगमाचा दंडक आहे. या दोहोंना प्राणप्रतिष्ठा, म्हणजे मंत्राने देवत्व आणण्याचा विधी, लागत नाही. शाळिग्रामातील चक्र वज्रकीट नावाचा किडा कोरतो, असे जुने ग्रंथ सांगतात, तर आजचे शास्त्र त्यात अमोनाइट या लुप्त समुद्रजीवाच्या कवचाचा जीवाश्म पाहते. दोन्ही उत्तरे एकाच प्रश्नाची आहेत आणि तेथे शास्त्राचे उत्तर बिनदिक्कत स्वीकारावे; चक्रात विष्णू ओळखणाऱ्याचे ज्ञान किड्यावर कधी अवलंबून नव्हतेच.

माहूरलाच या विचाराची आणखी एक बाजू भेटते. हे क्षेत्र महानुभाव पंथालाही पवित्र आहे आणि तो पंथ मूर्तीला ईश्वर मानत नाही. तरीही ईश्वरावताराचा स्पर्श झालेल्या स्थळाचा पाषाण तो आदराने जपतो. तेथे वंदन असते ते त्या पाषाणाला घडलेल्या संबंधाला, त्याच्या द्रव्याला नव्हे. तांदळ्याचा भक्त आणि महानुभाव यांचा सिद्धांत अगदी वेगळा आहे, परंतु खनिजाचे नाव कळल्याने दोघांपैकी कोणाचेही काही हिरावले जात नाही.

प्रत्यभिज्ञा चुकू शकते, हा बौद्धांचा आक्षेप मात्र गंभीर आहे: दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही ‘तीच ही’ असे वाटते. मग दगडात देव दिसला, हे खरे कशावरून मानावे? जातीच्या प्रश्नासारखी कसोटी येथे लागत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही भेद करता येतो. जो आपल्या दगडाला दुर्मीळ व चमत्कारी ठरवून इतरांकडून पैसा मागतो, तो जातीविषयीच दावा करत असतो आणि त्याची तपासणी झालीच पाहिजे. जो तो देव्हाऱ्यात ठेवून रोज स्नान घालतो व नैवेद्य दाखवतो, तो दुसऱ्या कोणावर काहीच लादत नाही, फक्त स्वतःवर सेवेचे बंधन घेतो.

राहतो प्रश्न फोडण्याचा. गारगोटीचे अंतरंग फोडल्याशिवाय दिसत नाही आणि पुजलेल्या दगडावर घाव घालायला घरातले कोणी धजत नाही. पण काठिण्य, वजन व पृष्ठभाग यांवरून जाणकाराला बहुतेक वेळा जात सांगता येते, त्यामुळे घाव घालण्याची गरज क्वचितच पडते. शिवाय धर्मशास्त्रात खंडित मूर्ती पूजेला वर्ज्य असली, तरी शाळिग्राम दुभंगला तरी पूज्यच मानला आहे, आणि त्याच्या पोटातले चक्र पुष्कळदा तो दुभंगल्यावरच दिसते.